बेबाकीचा कागद

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी लातूर-निलंगा गाडीवर कंडक्टरची ड्यूटी. गाडी गच्च भरलेली, मशीनवर तिकिटं काढत होते, तर फोन. "लिंबाजी यांच्या कन्या लुंबिनी बोलता का?" बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली! मी म्हटलं, काय काम? "त्यांनी नांदेडचं घर गहाण टाकून कर्ज काढलेलं आहे. सन सत्त्याण्णव. थकीत आहे." मी म्हटलं राँग नंबर, आणि ठेवून दिला. औसा येईपर्यंत आणखी तीनदा वाजला. शेवटी बंद करून पिशवीत टाकला.

कोणी तरी फसवणारे असतील.

५ फेब्रुवारी

फसवणारे नाहीत. आईचा फोन आला. माणूस घरी आला होता. देगलूरचा आहे, शरणप्पा नाव. हैदराबादची कंपनी म्हणे, जुन्या बुडालेल्या पतपेढ्यांच्या फायली विकत घेते आणि वसुली करते. आमच्या ओट्यावर तासभर बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, कर्जाच्या कामाने आलोय. सगळ्या गल्लीला कळलं.

"तू काय बोललीस?"

"ते घरी न्हाईत म्हणलं."

"अगं आई, बाबा वारले म्हणायचं ना!"

"तोंडातून तेच निघालं," म्हणाली. मला हसू आलं. तिला नाही आलं.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी होती, नांदेडला जाऊन आले. दारावर नोटीस चिकटवलेली. आईने तिच्यावर कॅलेंडर लावून ठेवलंय! रक्कम चार लाख ब्याऐंशी हजार. तीस दिवसांत न भरल्यास घराच्या जप्तीची कारवाई. मूळ कर्ज पस्तीस हजारांचं. दोन खोल्यांवर स्लॅब टाकला होता तेव्हाचं. मी आठ वर्षांची असेन. स्लॅबवर पाणी मारायला मला वर चढवायचे, एवढं आठवतं.

"फिटलं होतं का गं?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत. बघतो म्हणायचे."

चहाच्या वेळी शरणप्पा आलाच. पन्नाशीचा, अंगात स्वेटर, हातात प्लास्टिकची फाईल. बोलायला गोड. "ताई, माझं काय वैर हाय का तुमच्याशी? मला रोज बारा दारं करावी लागतात. तुमी पाच हजार भरा आज, एक सही करा, मी महिनाभर येत न्हाई."

पाच हजार पर्समध्ये होते. हात पर्सकडे गेला होता, खोटं कशाला लिहू. आईने मध्येच म्हटलं, "पोरीला हिशेब कळत न्हाई, नंतर या." आणि दार लावून घेतलं. इतक्या सहज! जशी काही रोजचीच सवय.

१४ फेब्रुवारी

लातूरला कोर्टासमोर एक वकीलबाई आहेत, डेपोतल्या एकीने नाव दिलं. त्यांनी कागद पाहिले. म्हणाल्या, एक रुपया देऊ नका, कशावरही सही करू नका, नाहीतर कर्ज कबूल केल्यासारखं होईल. एवढं जुनं कर्ज, मुदतीचा मुद्दा आपल्या बाजूने आहे. पण घराच्या मालमत्ता पत्रकावर पतपेढीचा बोजा अजून तसाच दिसतोय, तो उतरल्याशिवाय ही माणसं पिच्छा सोडायची नाहीत. कर्ज फिटलं असेल तर बेबाकी दाखला निघाला असेल. कर्ज पूर्ण फिटल्याचा कागद. तो शोधा.

फी घेतली नाही. "तुमच्याच गाडीने येते मी औशाहून," म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकून नांदेड. पतपेढी कधीच बंद पडली, तिचं दप्तर सरकारी कचेरीत पडलंय. क्लार्क आधी उद्या या म्हणाला. मी बाकड्यावर बसून राहिले. दोन वाजता त्यालाच माझी कीव आली असावी. रजिस्टर काढलं, धूळ झटकली, आणि बोट ठेवलं. लिंबाजी, शिपाई, जिल्हा परिषद. कर्ज निरंक. मार्च दोन हजार चार.

फिटलंय! मी जवळजवळ ओरडलेच.

मग त्याने पुढचा रकाना वाचून दाखवला. वसुली : जामीनदार यांच्या पगारातून कपात, साठ हप्ते. जामीनदार रामकिशन, ड्रायव्हर, जिल्हा परिषद, मूळ गाव मुरूड, जिल्हा लातूर. बेबाकी दाखला त्यांनीच नेला, खाली त्यांची सही.

म्हणजे बाबांनी भरलंच नाही. त्या माणसाच्या पगारातून पाच वर्षं कापून गेलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबला नाही. "रामकिशन तीनदा आला होता," म्हणाली. "ते आतल्या खोलीत कोठीमागं बसायचे. तुला दारात पाठवायचे."

आठवलं. लुनावर यायचे ते काका. मी दहावीत होते. दार अर्धं उघडून मी म्हणायचे, बाबा घरी नाहीत. तिसऱ्यांदा आले तेव्हा बाबांची चप्पल दारातच होती. त्यांनी चप्पल पाहिली, माझ्याकडे पाहिलं, "बरं बाळा," म्हणाले आणि गेले. त्यानंतर बाबांनी किनवटला बदली मागून घेतली. कचेरीत रोज काकांना तोंड दाखवायला नको म्हणून! मला आजवर वाटत होतं, बदली वरून आली.

शरणप्पाच्या तोंडावर आईने दार इतक्या सहज कसं लावलं, ते आता कळलं.

२० फेब्रुवारी

आज अकरा फोन. एकही घेतला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुरूडला जाऊन आले. आई म्हणाली, नको जाऊ, कुठल्या तोंडानं जातीस? पण दाखला तिथेच आहे. न जाऊन कसं चालेल?

घर सापडायला वेळ लागला नाही. दारात कोंडाबाई, रामकिशनकाकांच्या घरच्या. मी नाव सांगितलं. त्यांनी बस म्हटलं नाही. काका लातूरला, मुलीकडे. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पट्टी आहे.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मग त्या बोलल्या. "पाच वरसं अर्धा पगार घरी यायचा. मी शाळेत खिचडी शिजवायला जायची. पोरीची बारावी झाली अन् शिक्षण थांबवलं. फिटल्यावर मीच म्हणायची, जावा, लिंबाजीकडून मागून आणा. जायचे. रिकाम्या हातानं यायचे."

मी म्हटलं, काकू, मी दर महिन्याला थोडे थोडे देईन. लिहून देते. त्या म्हणाल्या, "ते त्यांच्याशी बोला. मला सांगू नका."

आत गेल्या. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेला, शिक्का अजून जांभळा. माझ्या हातात दिला. "घ्या. घर वाचवा तुमचं."

पाणीही विचारलं नाही. का विचारावं!

स्टँडवर बसून रडले. एका प्रवाशाने ओळखलं, "कंडक्टरबाई, गाडी हुकली का?" हो म्हटलं.

२७ फेब्रुवारी

शरणप्पाने दाखला उन्हात धरून पाहिला, मोबाईलवर फोटो काढले, कुणाला तरी पाठवले. आम्ही दोघी ओट्यावर, तो पायरीवर. वीस मिनिटांनी फोन आला. तो "जी, जी" करत उठला. "फाईल बंद, ताई. लेखी पत्र येईल. बोजा उतरवायचा अर्ज तुमीच करा आता." जाताना आईला म्हणाला, "आज्जी, राग नको."

आईने त्याला गूळपाणी दिलं. मी बघतच राहिले. मग ती नोटिशीवरचं कॅलेंडर काढायला गेली.

बोजा उतरवायचा अर्ज दुपारीच दिला.

४ मार्च, मंगळवार

रामकिशनकाकांचा फोन. पट्टी काल निघाली. मी माफी मागायला लागले, तर मध्येच म्हणाले, "थांब पोरी. मी पैसे मागायला कधीच आलो न्हवतो. घरी तसं सांगून निघायचो, न्हाईतर कोंडाबाई बोलायची. तो दाखला द्यायला यायचो. बोजा उतरवायला लिंबाजीची सही लागत होती, म्हणून त्याच्याच हातात द्यायचा होता. म्हणणार होतो, सुटलास बाबा, आता मान वर करून फीर. पण कचेरीतबी मला बघून मागच्या दारानं निघून जायचा, गाठच पडली न्हाई."

बाबा किनवटहून शनिवारी यायचे ते मागच्या बोळाने. वारेपर्यंत. पाच वर्षं. तेव्हा कर्ज उरलंच नव्हतं.

आईला अजून सांगितलेलं नाही.