वहीतले पंधरा दिवस

बाबा, गेल्या आठवड्यात माझ्या डब्यात एक ट्यूब आली. तुला माझं काम माहीत नाही, म्हणून सांगतो. मी आता रक्त पोचवतो. काढत नाही, तेवढं शिकलोच कुठे. दहावी तुझ्या डोळ्यांदेखत दोनदा आपटली, तिसऱ्यांदा बसायची लाज वाटली. दवाखान्यातून काढलेलं रक्त थंड डब्यात ठेवायचं, डबा बाईकला बांधायचा आणि अर्नाळ्यापासून माणिकपूरपर्यंत आठ-दहा दवाखाने फिरून लॅबला टाकायचं. शुगर, थायरॉईड, लिव्हर, सगळी नावं मला आता पाठ झालीत, मास्तर ऐकतील तर चक्कर येऊन पडतील. पण गेल्या आठवड्यातल्या ट्यूबच्या चिठ्ठीवर जे लिहिलेलं, ते नऊ वर्षांत मी कधी वाचलं नव्हतं. लेड. म्हणजे शिसं. ज्याने तू गेलास ते. ही टेस्ट तुझी चार महिने आधी झाली असती तर कदाचित तू आज ओट्यावर बसून मला शिव्या घालत असतास. ती का झाली नाही हे फक्त मला माहीत आहे. आईला नाही, डॉक्टरला नाही, कुणालाच नाही. म्हणून लिहायला बसलोय.

तुझा गुडघा गेला आणि तू होडीवर जायचा बंद झालास, तेव्हापासून तुझी जागा म्हणजे ओटा. सकाळी नऊला चहा संपवून तू जाळं मांडीवर घ्यायचास ते एक वाजता आई जेवायला हाक मारेपर्यंत. फाटलेलं शिवायचं आणि खालच्या दोराला शिशाचे मणी बसवायचे, जाळं पाण्यात तळाला बसावं म्हणून. जुनं शिसं मागच्या चुलीवर डब्यात वितळवून मणी पण तूच ओतायचास. आणि बसवताना मूठभर मणी गालात. शिंपी टाचण्या ओठात धरतो तसं. एक एक जिभेने पुढे आणायचा, दोरावर ठेवायचा, दातांनी दाबायचा, पुढचा. आपल्या आळीत सगळेच असं करायचे. दोन्ही हात जाळ्यात अडकलेले, मग तिसरा हात म्हणजे तोंड. कुणी विचार केलाच नाही. मी लहान असताना तू ओल्या वाळूत बोटाने मासा काढून त्यात शिसं ओतलं होतंस, डोळ्याच्या जागी खिळ्याने भोक पाडलेलंस. मी तो मासा चोखत झोपायचो म्हणे. आई सांगायची आणि तुम्ही दोघं हसायचात.

मला त्या गालातल्या मण्यांची वेगळीच मजा होती. तुझं तोंड भरलेलं असलं की तुला बोलता यायचं नाही, म्हणजे शिव्या देता यायच्या नाहीत, म्हणजे माझं राज्य. मी समोर उभा राहून आळीतल्या एकेकाची नक्कल करायचो. तुला हसवायचं आणि मणी तोंडातून सांडवायचे, हा आमचा पोरांचा गेम. एकदा मी मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीची चाल करून दाखवली, पोट पुढे, डिझेलचा डबा मागे, आणि तू असा फिस्सकन हसलास की दोन मणी आतच गेले. तू छाती चोळलीस, थुंकलास आणि म्हणालास, "गेले रं पोटात. जाऊ दे, उद्या निघतील." मी ओट्यावर लोळून हसलो. आठ दिवस गावभर सांगत फिरलो, आमच्या बाबाला आता होडीवरून टाका, डायरेक्ट तळाला जाईल. मणी तोंडात असतात, पोटात जातात, हे मला ठाऊक होतं, एवढंच सांगायचंय. पुढे मी जे केलं ते माहीत नसताना केलं नाही.

मग तुझं पोट दुखायला लागलं. कळ यायची आणि तू गुडघे छातीशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचास. चार-चार दिवस पोट साफ नाही. जेवण जाईना, चेहरा मेणासारखा. गावातल्या डॉक्टरने गॅस सांगितला. विरारला सोनोग्राफी केली, नॉर्मल. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, त्याने पोट आणखी घट्ट झालं. एकाने सांगितलं, काका टेन्शन घेता. तू घरी येऊन आईला म्हणालास, "मी कसलं टेन्शन घेतो गं? पोरगा नापास झाला तेवा पन झोपलो होतो." आईने नारळ उतरवला, नवस बोलली, समोरच्या घरातल्या म्हातारीवर संशय घेतला. रिपोर्ट सगळे बरे आणि माणूस रोज थोडा थोडा संपतोय, असं चाललेलं.

आणि मग तुझा उजवा हात. मनगट उचलायचंच नाही, ओल्या फडक्यासारखं लोंबायचं. चहाचा कप दोनदा पडला. मी नाक्यावर पोरांना ते करून दाखवलं. हात पुढे करायचा, मनगट खाली सोडायचं आणि म्हणायचं, "आणा रं कप." पोरं खिदळत होती आणि मागून तू येत होतास. तू मला पोरांसमोर कानाखाली मारलीस. नीट आठवतंय मला. आवाज आला नाही. पूर्वी तुझी एक पडली की संध्याकाळपर्यंत कान वाजायचा. त्या दिवशी नुसती बोटं गालाला लागून खाली गेली. तू स्वतःच्या हाताकडे बघत राहिलास. मी तेव्हा घाबरायला पाहिजे होतं. मी पोरांकडे वळून डोळा मारला.

माणिकपूरच्या मॅडमचं मामीने सांगितलं. ती वेगळी डॉक्टर आहे, म्हणे, जिथे रिपोर्टमध्ये काही सापडत नाही तिथे ती मुळापर्यंत जाते. फंक्शनल मेडिसिन असा बोर्ड होता, मी तो वाचून तुला सांगितलं, "बाबा, इथे फंक्शन असतं, जेवण पण मिळेल." मॅडमने दीड तास घेतला. एवढा वेळ तुझ्याशी कुठलाच डॉक्टर बोलला नव्हता. तुझ्या आईला काय होतं, लहानपणी काय झालं, झोप कशी, स्वप्नं पडतात का. मग म्हणाली, "काका, रोगाचं नाव मी आत्ता शोधत नाही. आधी मला तुमचा दिवस दाखवा. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत, पंधरा दिवस. तोंडात जे जे जातं ते. जेवणच नाही, तंबाखू, काडी, नखं खाता ती पण. हात कशात असतात ते पण." तुझ्याने पेन धरवेना. मग तिने एक कोरी वही माझ्याकडे दिली. "तू लिहिशील ना? हे औषधापेक्षा महत्त्वाचं आहे बरं का."

"एकदम, मॅडम," मी म्हणालो.

पहिल्या दिवशी मी लिहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी विसरलो. भर पावसात आमची क्रिकेटची टुर्नामेंट चालू होती, रबरी बॉलची, बीचवर. वही टीव्हीच्या मागे पडलेली. मॅडमकडे परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी आई ओरडली, "मेल्या, लिहिलंस का बाबाचं?" तेव्हा मी वही काढली आणि पाऊण तासात पंधरा दिवस लिहून टाकले. खरं वाटावं म्हणून तीन रंगांची पेनं वापरली. एका पानावर चहाचा डाग पाडला. त्या कामात मी हुशार होतो. सात वाजता चहा-बटर. साडेआठला भाकरी. मग, नऊ ते एक: आराम, टीव्ही. पंधराच्या पंधरा दिवस, नऊ ते एक आराम. तू मागे ओट्यावर बसलेलास तेव्हा. मासेमारी बंद असते ते दोन महिने चालू होते, अख्ख्या आळीची जाळी आपल्या दारात येऊन पडलेली, आणि तू एका हाताने, गाल भरून, मणी बसवत होतास. मला नुसती मान वळवायची होती. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की तू तेव्हा म्हणालास, लिही काहीपण, त्या बाईला काय कळतंय. तू असलं काही म्हणाला नाहीस. तू विचारलंस, "नीट लिहितोस ना रं?" आणि तोंडात मणी होते म्हणून ते मला नीट कळलं नाही असं मी केलं.

मॅडमने वही पान पान वाचली, खाली पेन्सिलीने रेघा मारल्या. माझ्या खोट्यावर कुणी इतकी मेहनत घेतलेली मी कधी बघितली नव्हती. तिने विचारलं, "दुखणं वर्षात ठरावीक वेळी वाढतं का?" तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, "तसं काय नाय, कधीपण." तिने गहू बंद केला, दूध बंद केलं, चहा एक केला, रोज सकाळी किनाऱ्यावर चालायला सांगितलं. तू सगळं पाळलंस. आयुष्यात कुणाचं ऐकलं नाहीस आणि तिचं ऐकलंस. सकाळी काठी घेऊन किल्ल्यासमोर चालून यायचास, घाम पुसायचास आणि नऊला ओट्यावर बसायचास. गालात मणी.

चार महिन्यांनी तुला जेवताना फिट आली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात एक पोरगेला डॉक्टर होता, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. त्याने तुझा ओठ वर उचलला आणि थांबला. हिरड्यांच्या कडेला निळी रेघ होती. मग लोंबतं मनगट बघितलं. "काय काम करतात?" आई म्हणाली, "काय नाय, घरीच असतात." खोटं नाही बोलली ती, आपल्याकडे जाळं शिवण्याला काम म्हणतच नाहीत. तो माझ्याकडे वळला. मी सांगितलं. पहिल्यांदा खरं सांगितलं, गालातल्या मण्यांपर्यंत. तो म्हणाला, "किती वर्षं?" मी म्हणालो, "मी बघतोय तेव्हापासून." शिसं बाहेर काढायचं औषध असतं, त्याने समजावलं, पण किडन्यांनी साथ दिली पाहिजे, आणि त्या आधीच गेल्यात. थोडं आधी कळलं असतं तर. हे वाक्य तो आईला सांगत होता, पण बघत माझ्याकडे होता, किंवा मला तसं वाटलं. अकरा दिवस तू राहिलास. शेवटी शेवटी तुझी बोटं चादरीत जाळ्याची गाठ मारत होती. उजवा हात नुसताच पडलेला आणि डावा गाठ मारतोय.

तेराव्याच्या नंतर मी मॅडमकडे रिपोर्ट घेऊन गेलो. का गेलो माहीत नाही. तिने तो वाचला आणि कपाटातून तुझी वही काढली. सगळी पानं परत उलटली, एकदा पुढून, एकदा मागून. मग चष्मा काढून म्हणाली, "माझ्याकडून सुटलं रे. दुपारपर्यंत एवढा आराम करणाऱ्या माणसाचे हात असे राठ कसे, हे मी विचारायला हवं होतं." तेव्हा बोलायचं होतं मला. समोर वही होती, बाई होती, मी होतो. मी म्हणालो, "जाऊ द्या मॅडम, नशीब."

पुढे आईने गावभर सांगितलं की त्या बाईने चपाती बंद करून माणूस मारला. चर्चला जाणाऱ्या बायकांपासून मासळीबाजारापर्यंत गेलं ते. आपल्याकडची माणसं तिच्याकडे जायची बंद झाली, वर्ष-दोन वर्षं तरी. आई अजून तिच्या नावाने बोटं मोडते आणि मी शेजारी बसून भात कालवतो. आळीतल्या ओट्यांवर मात्र मी नक्की सांगितलं, तोंडात धरू नका. काही ऐकतात. काही म्हणतात, तुझा बाप गेला ते फिटने. त्यांच्यासमोर मी नकला करत नाही, त्यामुळे माझं ऐकायला ते थांबत पण नाहीत.

तर ती ट्यूब. ती मॅडमच्याच दवाखान्यातली होती. आता तिथून पण माझा फेरा असतो. दाढी आणि हेल्मेटमध्ये ती मला ओळखत नाही. ट्यूब कुणाची बघितलं, तर आपल्याच आळीतला जाळी शिवणारा, तुझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला वाटलं त्याने स्वतःहून सांगितलं असेल. तर नाही. रिसेप्शनवरच्या पोरीने नवीन पेशंटला द्यायचा छापील कागद दाखवला. त्यात शेवटून दुसरा प्रश्न आहे: काम करताना तोंडात काही धरता का? सुई, टाचणी, खिळे, जाळ्याचं शिसं. पोरगी म्हणाली, "मॅडम हा प्रश्न स्वतः वाचून विचारतात, दोन-दोनदा. लोक आधी नाही म्हणतात ना." मी तो कागद घडी करून खिशात घातला.

हे सगळं मी लॅबच्या रद्दी चिठ्ठ्यांच्या मागे लिहितोय. डब्यात घालून पोचवता आलं असतं तर बरं झालं असतं, तेवढं काम मला येतं. पण पोचवायचं ते तुला नाही, हे पण मला कळतं. म्हणून परवा दुपारी सॅम्पल घेऊन झाल्यावर मी आतल्या केबिनचं दार ढकललं. मॅडम एकटीच होती, डबा खात होती. केस पांढरे झालेत.

"काय रे, सॅम्पल राहिलं का?"

"नाय मॅडम."

"मग? बस ना. बरं नाहीये का तुला?"

मी हेल्मेट काढलं. तोंड उघडलं. ती घास हातात धरून वाट बघत होती, तशीच, वहीची वाट बघायची तशी. मी म्हणालो, "मॅडम, जरा पाणी मिळेल?" ती उठली, स्वतः माठातून ग्लास भरून आणला आणि म्हणाली, "उन्हात किती फिरता तुम्ही पोरं. सावकाश पी." मी पूर्ण ग्लास प्यालो, थँक्यू म्हटलं आणि बाहेर येऊन बाईक चालू केली.

मला तहान लागली नव्हती, बाबा.