मोरचुदाचं पाणी

२२ जून १९२४, आसेगाव

आजही कोणी भिजवायला बी आणलं नाही! आमच्या शेतकी खात्याचं मोरचुदाचं निळं पाणी माठात तसंच. ज्वारीचं बी यात बुडवून, सावलीत वाळवून पेरलं की काणी पडत नाही, कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरत नाही — पारावर घसा बसेपर्यंत सांगितलं. उकंडराव पाटील म्हणाले, "बाबू, निळी ज्वारी खाऊन जीभ निळी झाली त?" सगळा पार हसला. मीही हसलो. काय करणार!

२५ जून

पुंजाजी तयार! वावर लहानसंच. अट माझी — अर्ध्यात भिजवलेलं बी, अर्ध्यात कोरं. म्हणजे फरक गावाला दिसेल. त्याची बायको पंचफुलाबाई दारातून म्हणाली, "अन् कोऱ्या बियाची ज्वारी काळी झाली त?"

"तेच तर दाखवायचं आहे!"

तिनं असं पाहिलं, की माझं ताक अर्धंच राहिलं.

३० जून

अर्धं बी भिजवलं, पुंजाजीच्या पडवीत पसरलं. उरलेलं पाणी लांब खड्ड्यात ओता, असं बजावून निघालो. उद्या अनसिंगला काम.

४ जुलै

पेरणी झाली. तिफण पुंजाजीनं हाकली, बी पंचफुलाबाईनं सोडलं. वावराच्या मधोमध मी बोरीची फांदी रोवली — अलीकडे भिजवलेलं, पलीकडे कोरं. मस्त वाटतंय!

१४ ऑक्टोबर

कणसं भरली. भिजवलेलं अर्धं स्वच्छ! कोरं अर्धं — तेही स्वच्छ! शेजारच्या वावरात मात्र काणीच काणी. उद्या सगळा गाव बघायला येणार. मी त्यांना काय दाखवू?

१५ ऑक्टोबर

उकंडराव म्हणाले, "पुंजाजीचं बीच चांगलं होतं, बाबू. तुमच्या पाण्याचं काय त्यात?" फरक दिसत नाही, हे मी कबूल केलं. लोक हसत पांगले. माझाच विश्वास डळमळला. जेवलो नाही.

१६ ऑक्टोबर

पंचफुलाबाई सकाळीच पारावर आली. साऱ्यांसमोर म्हणाली, "बाबूले काहून हसून राह्यले? ते गेल्यावर उरलेल्या पाण्यात म्या कोरं बीही बुडवलं. अर्धं वावर काळं झालं असतं, त यायचं खातं आमाले खाऊ घालणार होतं काय?"

पुंजाजी बघतच राहिला. उकंडराव पुढे सरकले. "पंचफुला, एका पायलीले मोरचूद किती लागते वं?"

मी तोंड उघडेपर्यंत तिनं सांगायला सुरुवातही केली होती!