मावसाजींनी मनातल्या मनात वाचायचा मजकूर

समाजमंदिराची मागची खोली,
बोरी अरब

तीर्थरूप तुळसामावशीस,

रतनचा सप्रेम जय भीम. मावसाजींनाही जय भीम, घेतला तर. (त्यांनी लावून दिलेलं राळेगावच्या जिनिंगमधलं काम मी जेवायच्या सुट्टीत सोडलं, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, हे मी विसरलो नाही.)

पोळ्यापासून लिहीन लिहीन म्हणतो आणि आता कापसाची वेचणी अर्धी उरकली. एकदा कागद होता तर पेन नव्हता. एकदा दोन्ही होतं, तर दिग्रसला जाणारा ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर म्हणाला, चाल. (दिग्रसला माझं काही काम नव्हतं. पण बोरीलाही कुठं होतं?) खरं कारण वेगळं आहे. आपल्या घरी पत्र मावसाजी वाचतात. अंगणात बसून, ग्रामसभेत ठराव वाचावा अशा आवाजात, आणि पाण्याला आलेल्या बाया घागर खाली ठेवून ऐकतात. मागं मी नायटा झाल्याचं लिहिलं, तर पुढच्या खेपेला बसस्टँडवरच्या पानवाल्यानं विचारलं, आता खाजवतं का? म्हणून या वेळी तुला जे लिहायचं आहे ते कसं लिहावं, हेच सुचत नव्हतं.

तुझी तब्येत कशी आहे? हे रीत म्हणून विचारत नाही. आपल्या शेजारची सुखीबाई इथल्या बाजारात भेटली होती, तिच्या माहेरच्या तांड्यावर आली होती. तिनं तुझी शपथ मोडली. तिच्यावर रागावू नको, पुढं सांगतो.

मी बरा आहे. राजूरला कोळशावर होतो, तेही सोडलं (काम वाईट नव्हतं, पण आंघोळ केली तरी मी आरशात ओळखू येईना). सध्या एका संस्थेच्या जीपमध्ये भोंगा घेऊन फिरतो. बायांच्या छातीच्या कॅन्सरची माहिती द्यायची, काय खावं काय नाही ते सांगायचं, आणि तपासणीला बोलवायचं. मावसाजी, हे वाक्य वाचताना आवाज जरा खाली घ्या.

काम सोपं वाटतं, पण नाही. कापसानं दगा दिल्यापासून आपल्या जिल्ह्यात जीपची सवय वाईट झाली आहे. गावात जीप शिरली की लोक आधी विचारतात, कोणाच्या घरी काय झालं? मग विचारतात, मदतीचा चेक आला का? पहिल्याच गावात बाया सातबारा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पंचफुला नावाच्या एका म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

‘मेलेल्याचीच चौकशी कराले येता का बाप्पा, का जित्याचीही करता?’

म्हटलं, जित्याचीच.

‘अन् तेही बायाची?’

हो म्हटलं, तर तिनं आत ओरडून सांगितलं, ‘ए, खाट टाका वो, हे लोक रस्ता चुकून आले!’

आमच्या डॉक्टरीण दीपाबाई चांगल्या आहेत. त्या सांगतात ते मला पाठ झालं आहे, कारण जीपमध्ये ऐकायला दुसरं काही नसतं. रोज ताटात भाजी, डाळ, भाकर असावी, तेल बेतानं, दारू-तंबाखू नको, अंग जड होऊ देऊ नये. यावर एक बाई म्हणाली, ‘अंग जड व्हाले आधी आमचा नंबर येईलोक भाजीच्या गंजात काही उरलं पाह्यजे नं बाई!’ सगळ्या हसल्या. दीपाबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तुम्ही शेवटी जेवता? तर त्या बाईलाच नवल वाटलं, की मग काय सगळ्यांच्या आधी जेवायचं?

मग आम्ही कमी तेलाच्या पाककृतींची स्पर्धा ठेवली. परीक्षक मी. (दुसरा कोणी मोकळा नव्हता, आणि मी मोकळाच असतो हे आता जिल्हाभर माहीत आहे.) अंबाडीची भाजी आली, जवसाची चटणी आली, तुरीच्या दाण्यांची आमटी आली, आणि आमटीवर बोटभर लाल तर्री. दीपाबाई म्हणाल्या, अहो, कमी तेलाची ना? तर आमटीवाली म्हणाली, ‘घरी कमीच टाकतो बाई, पण परीक्षक पाहुणा हाय. पाहुण्याले कोरडं वाढू का?’ दुसरीनं ते ऐकलं आणि घरून तेलाची वाटी आणून आपल्या भाजीवर ओतली, आपला पाहुणा कमी का म्हणून. मी सगळ्यांचं खाल्लं. पौष्टिक आहारानं माणूस आडवा होऊ शकतो हे तेव्हा कळलं.

हसू नको, आता वाईट गोष्ट सांगतो. जेवणं झाली की दीपाबाई खरी गोष्ट सांगतात. की हे सगळं खाऊन धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. आणि गाठ हाताला लागली तर ताटाकडं पाहायचं नाही, दवाखान्याकडं पाहायचं. पण तोवर बाया उठलेल्या असतात. वेचणी वाट पाहत असते. पडद्यामागं खाट आणि दीपाबाई दोघीच राहतात. मी भोंग्यातून ओरडतो, छाती तपासून घ्या हो, पाच मिनिटं लागतात! पार दारव्ह्यापर्यंत ऐकू जावं एवढ्या आवाजात. लाज वाटत नाही. आणि तोच शब्द तुझ्या पत्रात लिहायला गेलो की पेन थांबतो. तू मला आंघोळ घातली आहेस.

संध्याकाळी जीप दीपाबाईंना घेऊन दारव्ह्याला जाते आणि मी इथं राहतो. दिवसभर हजार बायांशी बोललेलो असतो, पण भोंग्याला कोणी उत्तर देत नाही. स्पर्धेतली उरलेली भाकर असते, ती खातो. आपल्या अंगणात या वेळी कोण कोण बसलं असेल ते मोजतो आणि झोपतो.

बाकी ठीक. तुझ्या निशिगंधाला अभ्यास कर म्हणावं. कळावे, लोभ आहेच, तो असाच ठेवावा.

तुझा,
रतन (धम्मरत्न)

ता. क. मावसाजी, इथून पुढं मनातल्या मनात वाचा. बाया असतील तर घागरी उचलून द्या. मावशीच्या छातीत डाव्या बाजूला गाठ आहे. सुखीबाई म्हणाली, ‘तिनं मले शपथ घातली, घरात कोणाले सांगू नको म्हून. तू कुठी घरात रायतं? म्हून तुले सांगतो.’ मावशी म्हणते, दुखत नाही तर कायले दाखवू, वेचणी होऊ दे. आणि रोज जवसाची चटणी खाते. आमच्या दसऱ्याच्या शिबिरातलं अर्धं ऐकून सुखीबाईनंच ते तिला सांगितलं होतं. दीपाबाई म्हणतात, पुष्कळ गाठी साध्याच निघतात, पण साधी कोणती ते तपासल्यावरच कळतं, आणि न दुखणारीही दाखवायचीच. मावसाजी, तिला यवतमाळला न्या. माझ्यावरचा राग परत आल्यावर चालू ठेवा.

दुसरा ता. क. मावशी, चटणी सोडू नको. चटणीचा काही दोष नाही. पण जा.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात दारात मावसाजी! घामानं भिजलेले, दोन बस बदलून आलेले. म्हणाले, ‘डॉक्टरीण बाई हाय का, का नुसता तूच हायस?’ मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? ‘सांगाले कायले लागते? रात्री डाव्या कुशीवर निजत नाही ते, मले दिसत नाही का? यवतमाळले चाल म्हटलं तं आयकत नाही. सुखीबाईनं तुझा पत्ता सांगतला, तं आपला पोरगा हाय तिथंच जाऊ म्हणते.’

मावशी, तू बाहेर ओट्यावर बसली आहेस आणि मी आत बसून तुलाच लिहून राहिलो आहे. आपला पोरगा असं ऐकल्यावर तोंड जरा पुसून यावं लागतं. दीपाबाईंची जीप सुरू झाली वाटते. आधी ती अडवतो.