घोड्यांच्या पोळ्यातला पहिला मान

४ ऑगस्ट, मुकुटबन
मालक पुंडलिकरावांनी यार्डात जाहीर केलं: यंदाही पोळ्याला सगळे घोडे तोरणाखाली उभे करायचे. (सासूबाईंना अजून वाटतं मी टांगा हाकतो. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आमच्यात घोडा म्हणतात, हे सांगून थकलो.) ज्याच्या घोड्यावर नवा ओरखडा नाही, त्याला तोरणाचा पहिला मान. शिवाय दिवाळीत येणारा एसीवाला नवा घोडाही त्यालाच.

मान माझाच. स्पर्धेत प्रेमसिंग आहे म्हणा. पण त्याची गाडी चकाचक राहते, कारण तो ती चालवतोच भीत भीत.

७ ऑगस्ट
प्रेमसिंगने आज वेगळा ट्रेलर जोडला. आधी उतरून ट्रेलरची उंची घोड्याशी जुळते का बघितली. जोडल्यावर टॉर्च घेऊन खाली वाकला, पिन लॉकमध्ये बसली का बघायला. मग पुढे ओढून बघितलं. मग वळवून बघितलं, केबिन आणि ट्रेलरच्या तोंडात जागा राहते का. एवढी चौकशी लोक मुलगी देताना करत नाहीत!

मालक सगळ्यांसमोर म्हणाले, याले म्हणते डायवर. मला जेवण गेलं नाही. बायको बबिता म्हणाली, काहून एवढे जळून राह्यले? जळत नाही. ॲसिडिटी आहे.

११ ऑगस्ट
संकल्प: उद्यापासून मीही उतरून बघणार. प्रेमसिंगचं बघून नाही. स्वतःच्या मनाने.

१२ ऑगस्ट
चिखल होता. गुडघाही दुखतो. आरसे कशाला दिलेत मग?

१६ ऑगस्ट
प्रेमसिंगची बायको संगीता घोड्यासाठी झूल शिवतेय. आरसे, कवड्या, सगळं. बबिताला विचारलं, तू काय शिवतेस? म्हणाली, तुमची फाटलेली पँट.

म्हणून वणीला जाऊन केबिनच्या मागे स्टँड वेल्ड करून घेतला आणि त्यावर लोखंडी शिंगं. लाल-पिवळी, टोकाला गोंडे. अख्ख्या यार्डाने बघितली. प्रेमसिंग म्हणाला, भाऊ, मस्त हाय, पण मागून काढून टाक, लंबे तोंडवाला ट्रेलर लागला तं वळताना भिडते.

जळतो माणूस.

२० ऑगस्ट
आज नेरची ट्रिप. लांब तोंडाचाच ट्रेलर. एरवी तो प्रेमसिंग नेतो. मी सर्वांत आधी हात वर केला. एका झटक्यात जोडला. खडाक आवाज आला, म्हणजे बसला. सुटा ट्रेलर ज्यांवर टेकतो ते पाय वर घ्यायची आठवण मालकांनी केली. मी घेणारच होतो.

रस्ता सरळ, काही भिडलं नाही. शिंगांचे गोंडे वाऱ्यावर काय दिसत होते! प्रेमसिंगने बघायला हवं होतं.

२१ ऑगस्ट
परत येताना यार्डाच्या गेटवर वळलो. गेटच चुकीच्या जागी आहे. ट्रेलरचा कोपरा शिंगात अडकला, स्टँड केबिनमध्ये घुसला, इंजिनला हवा देणारा पाइप चेपला. मिस्त्री म्हणाला, चालू करू नोका, इंजिन जाईल. प्रेमसिंगने बघितलं. नेमकं हेच.

नियम ओरखड्याचा आहे. हा ओरखडा नाही, भोक आहे. उद्या मालकांना समजावणार.

२२ ऑगस्ट, पोळा
समजावलं नाही. मालकांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

पहिला मान प्रेमसिंगला. झूल देखणी होती. हे फक्त इथे लिहितोय.

माझा बंद घोडा बाजूला एकटाच उभा होता. प्रेमसिंग आला, त्याच्या गाडीची हवा देऊन माझे जाम झालेले हवेचे ब्रेक सोडवले, टोचन लावलं. म्हणाला, बस स्टिअरिंगवर भाऊ, पोळ्यात जनावर मागं ठेवत नाही. त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तरी बसलो.

पोळा फुटला, टाळ्या पडल्या. कोणासाठी ते विचारलं नाही. तोरणाखालून दुसऱ्या नंबरला माझाच घोडा गेला, हे मात्र कोणी नाकारू शकत नाही.

बबिताने व्हिडिओ काढलाय. पुढे झूल, मागे टोचनला बांधलेला मी, आणि मी लोकांना हात हलवतोय.