तीन दिवसांच्या दशम्या

मस्कत,
९ नोव्हेंबर १९८४

माझ्या आईस चंद्रकलाचा दुरून जयभीम.

कुसुमवहिनी, आईला मोठ्यानं वाचून दाखव. एकही ओळ गाळू नको.

आई, मी मजेत आहे. इस्पितळातल्या कामाला आता हात बसला. पण तू गावभर सांगून राहिली म्हणे, की पोरगी साता समुद्रापार गेली, आता माझं तोंड पाहायलाही येणार नाही. ते आधी बंद कर.

मुंबईहून मस्कत पंधराशे किलोमीटरच्या वर, हे ऐकून तू तीन दिवसांच्या दशम्या बांधून दिल्या. विमान तीन तासांच्या आत उतरलं! पांढुर्ण्याहून पॅसेंजरनं नागपूरला जायला एवढाच वेळ लागते. दशम्या इथं आठवडाभर पुरवून खाल्ल्या. शेवटच्या दिवशी सोबतचा ठेचा जरा जास्तच तिखट लागला, एवढंच.

तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीतच ना? मी सुट्टी मागितली होती. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, वर्ष भरल्याशिवाय नाही. माझा पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असते, त्यामुळे हरवायची काळजी नाही. सोमवारी पुन्हा अर्ज देते. नाही म्हटलं तर पुढच्या सोमवारी. त्या थकतील, मी नाही.

वहिनी, दादारावदादाला म्हण, ऑपरेशनची तारीख लवकर कळव. खोकला कसा आहे त्याचा?

आई, डोळ्याची पट्टी सोडतील तेव्हा घाई करू नको. आधी मला हाक मार. मी 'ओ' दिली की मगच डोळा उघड.

तुझीच,
चंद्रा