चौथं चाक

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का आणि भावोजींचा खोकला थांबला का, ते कळव. इथे सगळे बरे आहेत असं लिहून मोकळा होणार होतो, पण ते खरं नाही. बाबांची प्रकृती ठणठणीत आहे आणि तरी ते बरे नाहीत. कारण मी आहे. (बायको म्हणते, कुठेही खापर फुटायचं असलं की मी आधी डोकं पुढे करतो. पण या वेळी खरंच मी आहे.)

बाबांच्या ज्येष्ठ मंडळातली लाकडी गाड्यांची शर्यत तुला माहीत आहेच. वीतभर गाड्या, इंजिन नाही, उतरत्या फळीवरून सोडायच्या आणि ज्याची आधी पोचेल त्याने वर्षभर मिरवायचं. बाबांनी यंदाची गाडी रंगवून जेवणाच्या टेबलावर ठेवली. मी सहज वाकून पाहिलं, तर पुढचं एक चाक टेकतच नव्हतं. आसाचं भोक केसभर वर गेलेलं. हल्ली कप बशीत ठेवताना त्यांचा हात थरथरतो, तूही पाहिलंयस. सांगावं तर हिरमुसतील, न सांगावं तर मंडळात हसं होईल (त्यात तिथे ते निवृत्त दंतवैद्य, ज्यांनी जन्मभर भोकंच पाडली). म्हणून दुपारी ते झोपले असताना मी त्यांचं ड्रिल घेतलं.

ताई, सरळ भोक पाडणं वाटतं तसं नाही. जुनं भोक काडी आणि गोंद घालून बुजवलं, पट्टीने माप घेतलं, पुन्हा घेतलं, पेन्सिलने रेघ मारली, आणि मग रेघ जाड वाटली म्हणून तिच्या वरच्या कडेवर पाडावं की खालच्या, यावर बराच वेळ घालवला. पाडलं ते खाली गेलं. बुजवलं. पुढचं तिरकं गेलं; गाडी नमस्काराला वाकल्यासारखी दिसू लागली. तेही बुजवलं. अशी त्या बाजूची चाळण झाल्यावर एकदाची चारही चाकं टेकली. वरून त्यांच्याच डब्यातला रंग फासला. डायरीत मी याला 'दुरुस्ती' म्हटलंय. तो शब्द खोडायचाय.

शर्यतीत बाबांची गाडी सर्वांत शेवटी, रमतगमत आली. पहिले दंतवैद्य. अभिनंदन करायला गेलो, तर त्यांच्या गाडीचं पुढचं एक चाक हवेत.

"मुद्दामच आहे ते," दंतवैद्य म्हणाले. "तीनच चाकं टेकली की घासणं कमी. तुमच्या वडिलांनीच तर शिकवलं मला. यंदा स्वतःच कसे विसरले?"

बाबांनी आपली गाडी उलटी करून चारही चाकं पाहिली. "हात गेला माझा," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर ड्रिल फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवून दिलं. तेव्हापासून नुसते पेपर धरून बसतात. मी रोज खरं सांगायला जातो आणि पाणी हवंय का विचारून परत येतो. त्यांना आता पाण्याचाही कंटाळा आलाय.

तुझा,
धाकटा

ता. क. मुद्द्याचं आता लिहितो. तू फोन करून त्यांना सांगशील का? तुझ्यावर ते रागावत नाहीत. जमल्यास, भोक बुजवायची कल्पना तुझीच होती असंही सांग. (हे मागणं हलकं आहे हे मला कळतं, म्हणूनच तळाशी लिहिलं.)

आणखी एक ता. क. फोन करू नकोस. पाकीट चिकटवायला गोंद शोधत गेलो, तर बाटली बाबांच्या हातात. ती उजेडात धरून किती उरलाय ते बघत होते. समोर गाडी, रंग खरवडलेला, बुजवलेली भोकं उघडी.

"एवढे दात भरलेस," म्हणाले, "ते त्या दंतवैद्याकडूनच शिकलास का रे?"

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी बाटलीचं बूच लावलं. मग मला ड्रिल आणायला लावलं, एक फळकूट पुढे सारलं आणि म्हणाले, "एक सरळ पाडून दाखव." मी पाडलं, ते तिरकं गेलं. त्यांनी भोकाला डोळा लावून पाहिलं, थरथरत्या हाताने कप उचलून सावकाश चहा संपवला.

"हात गेलाय खरा," म्हणाले. "पण माझा नव्हे."