रिळातलं तेल

दादा, त्या सकाळी मी अंगण झाडून सडा टाकला, हौदातून चार कळशा पाणी आणलं, शेळीला पाला टाकला आणि आईच्या हाताखाली चुलीपाशी येऊन बसले. आई भाकरी थापते आहे. तुम्ही ओट्यावर पेटी भरताय, कारण पावसाळाभर तुमची ड्यूटी लांबच्या कालव्यावर लागली आहे. पेटीशेजारी तुमची गळाची काठी भिंतीला टेकवून ठेवलेली, बांबूच्या सहा कांबी चिकटवून केलेली, आणि तिच्यावर गळाची दोरी गुंडाळायचं ते पितळी रीळ. धरणावरचे जुने साहेब बदलून जाताना तुम्हाला देऊन गेले होते. दोरी ओवायच्या कड्या काठीला बांधणारा रेशमी दोरा तुम्ही स्वतः गुंडाळला होता, तीनदा व्हार्निश दिलं होतं. घरात त्या काठीला हात लावायची परवानगी फक्त मला होती, तीही धूळ पुसण्यापुरती.

माघारी काठी सांभाळायला तुम्ही तुमच्या दोस्ताकडे, धरणावर नाव चालवणाऱ्या नावाडीकाकांकडे देणार होता. देण्याआधी रिळाला तेल घालावं, तर शिलाई मशीनच्या तेलाची बाटली रिकामी. तुम्ही म्हणालात, "असू दे, आल्यावर घालू." मला वाटलं, मीच घालते. तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी चुलीजवळच्या करडईच्या तेलातली अर्धी पळी रिळात ओतली. फिरवून पाहिलं, कर्र कर्र असं छान वाजलं. बाहेर आलेलं तेल परकराला पुसलं. दहा वर्षांची होते मी. बापासाठी काहीतरी केलं म्हणून दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

दसऱ्याला तुम्ही परत आलात. काकांनी पोत्यात गुंडाळलेली काठी आणून दिली. तुम्ही रीळ फिरवलं, ते फिरेना.

"पाण्यात बुडवलंस व्हय रे?"

"हातबी लावला न्हाई दादा. तुमच्या माघारी मी काहून वापरीन?"

"मग काय आपोआप जाम झालं?"

आवाज वाढत गेले. शेवटी काका एवढंच म्हणाले, "खोटं बोलून राहिलो असं वाटत असंल, तर मी येतच न्हाई." आणि आले नाहीत. तुम्ही दोघं एकाच धरणाच्या दोन टोकांना गळ टाकून बसू लागलात. तुमच्या मयतीला काका आले होते, पण उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

ती काठी माझ्याबरोबर सासरी, हट्टा गावाला आली आणि धान्याच्या कोठीमागे उभी राहिली. आमचे हे दर दिवाळीला तिच्यावरची धूळ पुसायचे, पुन्हा तशीच ठेवायचे. का ठेवलीस, असं त्यांनी कधी विचारलं नाही. ते गेले त्या वर्षी दिवाळीची धूळ मलाच पुसावी लागली. पुसता पुसता काठी कोठीमागं ठेवायचं मन झालं नाही. ओट्यावर आणली. एकटीला घर मोठं होतं, तिथं काठीची संगत झाली.

आता गळाच्या काठ्या नीट करणाऱ्या आम्हा चौघांचा छान मेळ जमलाय, तुम्हाला हसू येईल. शेजारची शिंपीणबाई कड्यांवर दोरा असा गुंडाळते की टाका दिसत नाही. वसमतच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे चाचा रिळं उघडतात. भंगारवाल्यांकडून आणलेल्या चार जुन्या काठ्या आम्ही नीट केल्या. आणि रविवारी आम्ही तुमच्याच धरणावर गळ टाकायला जातो, तिथं आमच्या शेजारी बसतात ते आपले नावाडीकाका. वय झालंय, हात थरथरतो, पण मासा लागल्याचं कळावं म्हणून दोरीला बांधलेली मोरपिसाची दांडी पाण्यावर जराशी हलली की त्यांनाच आधी दिसते. मला लेकीसारखं वागवतात. फक्त तुमच्या काठीला हात लावत नाहीत. एकदा मी पुढं केली तर म्हणाले, "तिच्यापायी माझा दोस्त गेला. राहू दे."

परवा चाचांनी माझ्या ओट्यावर तुमचं रीळ उघडलं. आत पिवळा, चिंचोक्याच्या खळीसारखा थर घट्ट बसलेला. चाचांनी नखानं खरवडला, वास घेतला.

"बहन, पानी का नाम नहीं है इसमें. जंग भी नहीं. किसी ने खाने का तेल डाला है, वही जम गया."

शिंपीणबाई हसत सुटली, "अगं बाई! रीळ तळून खायचं होतं का कुणाला?"

मीही हसले. काका त्या दिवशी आले नव्हते. चाचांनी सगळे भाग रॉकेलमध्ये बुडवले, ब्रशनं घासले, जोडले. रीळ फिरलं. तोच आवाज, दादा. मी डोळ्याला पदर लावला तर चाचांना वाटलं रॉकेल झोंबलं.

शाळा चौथीत सुटली, तरी पुस्तकं वाचायचं मी सोडलं नाही, हे तुम्हाला माहीत नसेल. ग्रामपंचायतीच्या कपाटातलं तेलबियांचं पुस्तक काढून पाहिलं. करडईचं तेल हवेत राहिलं की वाळून चिकट होतं, असं त्यात लिहिलंय. पण खरं सांगू? ते मला पुस्तकानं शिकवलं नाही. आईच्या करडईच्या बुधल्याच्या गळ्याशी ओघळ वाळून तसाच पिवळा थर व्हायचा. तो दर आठवड्याला राखेनं मीच घासायची. दसऱ्याला तुम्ही ओरडत होता, तेव्हा मी दाराआड उभी होते आणि मला तो बुधलाच दिसत होता. मला कळलं होतं. मी गप्प बसले. आता काकांना सांगितलं, तर रविवारचं ते धरण, ती माणसं, माझ्या हातून जातील असं वाटतं. नाही सांगितलं, तर काका खोटारडे म्हणूनच जातील.

इथवर शनिवारी लिहून मी वही मिटली. हे कुठल्या पेटीत टाकायचं पत्र नाही.

दुसऱ्या दिवशी धरणावर गेले आणि सगळ्यांसमोर काकांना सांगितलं. अर्ध्या पळीसकट. काकांनी आपला गळ ओढून घेतला, काठी खाली ठेवली.

"तवाच काहून बोलली न्हाईस?"

"दादा मारतील म्हणून."

"येडी. म्या हात धरला नसता व्हय तुझ्या बापाचा?"

मग त्यांनी आपणहून हात पुढं केला. मी तुमची काठी त्यांना दिली. त्यांनी गळ टाकला. दिवसभर एकही मासा लागला नाही आणि त्यांनी काठीही परत दिली नाही. उन्हं कलली तेव्हा दिली, म्हणाले, "पुढल्या रविवारी आण."

घरी येऊन मी रिळात मशीनचं तेल घातलं. एकच थेंब.